निळं आलं तरी

दौंड, ता. २१ जून १९७७

रंभाला ज्ञानदेवचा जय भीम.

पत्र तुझा भाऊ सावळाराम वाचून दाखवणार हे मला ठावं हाय. सावळाराम, जसं लिवलंय तसं वाच. मधी तुझं घालू नको, आन् दाजी रागात हायेत म्हणून गाळू बी नको.

रंभा, विशाखाला मी शाळंत घातली. पाचवीत. तू नको म्हणली व्हतीस. मार्चात बाळ्याला कडंवर घेऊन यष्टीत बसलीस तवा बी नको म्हणली व्हतीस, आन् अख्ख्या स्टँडाला ऐकू जाईल असं म्हणलीस, की पोरगी एकदा जरी शाळंत पडली तर मी येऊन तिला माहेरी शिरूरला घेऊन जाईन, मग शाळंचं नाव काढायचं न्हाई. मी व्हय म्हणलो. शब्द दिला तो दिला. पण पडंल कशाला? साखरेचा आजार झालेली पोरगी म्हंजी तुझ्या लेखी तडा गेलेलं मडकं, कोनाड्यात ठिवायचं आन् कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. पुण्याच्या डॉक्टरीणबाई काय म्हणल्या ते तू बी ऐकलंस. सुई रोज, खाणं येळेवर, आन् लघवीची तपासणी. बाकी पोरगी चारचौघींसारखी. चारचौघींच्या पोरी शाळंत जातात.

आता तपासणीचं सांगतो. तुला ठावं हाय, पण सावळारामला न्हाई. काचंच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आन् स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. लघवीत साखर नसली तर निळं ते निळंच ऱ्हातं. असली तर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आन् लईच असली तर विटंसारखं लाल. सकाळची तपासणी घरी मी करतो. दुपारची शाळंत व्हायला पाहिजे, कारण दुपारी मी ड्यूटीवर.

विशाखाचे गुरुजी हौसराव म्हणून हायेत. खुटबावचे, बागाईतदार घरचे, रोज गाडीनं येऊन-जाऊन करतात. त्यांच्याकडं गेलो तर म्हणले, ज्ञानदेवा, शाळंत मूत उकळायचं म्हणतोस? मी म्हणलं, गुरुजी, मी घरी उकळतो ते काय अत्तर हाय का? ते हसले न्हाईत. पोरांच्या घरचे काय म्हणतील, दिवा लवंडला तर काय, आन् मागनं दबकत, की तुमच्यातली पोरगी म्हणून उगा कुणी वाकडं बोलायचं. म्हणलं, बोलणारी तोंडं मी लहानपणापास्नं बघतोय, त्याची काळजी तुम्ही करू नका. तुम्ही फकस्त नळी बघा.

नळी बघून कळायचं काय, हा त्यांचा पुढचा सवाल. तवा मला सुचलं. मी रेल्वेतला सांधेवाला माणूस, जन्म सिग्नलाखाली गेला. म्हणलं, गुरुजी, तुम्ही रोज खिडकीतनं सिग्नल बघता न्हवं? तसंच हाय हे. लाल आलं की धोका, रेल्वे कॉलनीच्या दवाखान्यात निरोप धाडायचा. पिवळं आलं की सावध. हिरवं-निळं आलं की लायन किलियर, सोडा गाडी. गुरुजींच्या तोंडावर एकदम उजेड पडला. म्हणले, अरे, हे तर सोपं हाय. शाळंच्या मागं भिंतीकडंला जागा दिली त्यांनी, दिवा ठिवायला फळी बी ठोकली.

तर असं हाय. निळा रंग तर आपलाच. भ्यायचं काय कारण?

ज्ञानदेव


दौंड, ता. १९ जुलै १९७७

रंभाला जय भीम.

तुझं पत्र आलं. अक्षर सावळारामचं, पण बोल तुझे, त्याला इतकं टोचून लिवता यायचं न्हाई. "तुम्ही नळी बघता, पोरीचं तोंड बघता का?" तोंडावर काय लिवलेलं असतं गं, अंगात साखर किती ते? तसं असतं तर डॉक्टरीणबाईंनी काचंच्या नळ्या कशाला दिल्या असत्या. तू घरी व्हतीस तवा दिवसातनं धा बारी तिची हनुवटी धरून बघायचीस, पोरगी वैतागायची. आता तिला मोकळं वाटतंय. राग येऊ दे, पण खरं तेच लिवतो.

मधी थोडं बिघडलं व्हतं, ते लपवत न्हाई. आठवडाभर दुपारची नळी नारिंगी, एक दिवस तर लाल. गुरुजींनी पोरगा धाडला शाळंसमोरच्या सिग्नलच्या केबिनीवर, काका लाल सिग्नल पडला म्हणून. घरी येऊन विचारलं तर म्हणती, मी काय खाल्लं न्हाई. मग दप्तर बघितलं. डॉक्टरीणबाईंनी खडीसाखरेची पुरचुंडी तिच्या खिशात ठिवायला सांगितली व्हती, अंगाला घाम सुटला, हातपाय गळाले तर खायला. ती पुरचुंडी अर्धी. म्हणलं, ही बघ चोरी. रडली, म्हणाली थरथरलं म्हणून खाल्ली. आता थरथरलं का जिभंला सुटलं हे कुणी बघितलं? पुरचुंडी काढून घेतली आन् गुरुजींच्या ताब्यात दिली. त्यांनी कपाटात ठिवून कुलूप लावलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुईतलं औषध वाढवून दिलं. तवापास्नं नळी निळी. रोज निळी. दुपारी गुरुजी केबिनीकडं बघून हात हलवतात, मी समजतो. रंभा, तुला खोटं वाटंल, पण सुई ती आता स्वतःची स्वतः टोचून घेती. मांडीला स्पिरिट लावती, दात आवळती आन् टोचती. मी फकस्त औषध भरून देतो. मला बघवत न्हाई, ती बघती.

बाळ्याला सांग, सध्या मनमाडच्या लायनीवर गोळा द्यायचं काम मला हाय. त्याला लई कौतुक त्याचं. इंजिन हळू झालं की वेताचं कडं ड्रायव्हरला द्यायचं, कड्याच्या पिशवीत लोखंडी गोळा असतो. तो गोळा म्हंजी पुढं जायची परवानगी. गोळा न्हाई तर गाडी न्हाई.

पोरीची काळजी करू नको.

ज्ञानदेव


दौंड, ता. १८ ऑगस्ट १९७७

रंभाला जय भीम.

हिकडं सर्व ठीक. नळी निळी हाय. विशाखा बरी हाय.

तू येऊन जाते म्हणून लिवलंस. एवढ्यात येऊ नको. क्वार्टर गळतंय, माझी ड्यूटी बी बदलली, आन् यष्ट्यांचा काय भरवसा न्हाई, चौफुल्याला तास तास बसावं लागतं. बाळ्याला घेऊन कुठं तिष्ठत बसतीस. पुढच्या महिन्यात बघू.

झेंडावंदन चांगलं झालं. विशाखा खेळताना जराशी पडली, हनुवटीला खरचटलंय, दुसरं काय न्हाई. उगा कुणाकडनं ऐकशील म्हणून लिवलं. पोरं पडतातच.

सावळाराम, पत्र लहान हाय म्हणून तुझ्या मनानं काय समजू नको. काम लई हाय.

ज्ञानदेव


दौंड, ता. २६ ऑगस्ट १९७७

रंभा,

मागलं पत्र खोटं व्हतं.

सावळाराम, हे तिला एकटीला वाचून दाखव. आईला, शेजारणींना उठव तिथनं.

विशाखा खेळताना पडली न्हाई. शाळंत पडली, झेंडावंदनाला, समद्या गावासमोर. आन् तिला पाडली मी. आता सांगतो ते मधी न थांबता ऐक, आन् मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

पंधरा तारखेला प्रभातफेरी व्हती. पोरं उजाडायच्या आत शाळंत जमायची. विशाखानं सुई टोचून घेतली, वाढवलेल्या मापानं. भाकरी पुढं ठिवली तर दोन घास खाल्ले न् उठली, उशीर व्हतोय म्हणली. मी म्हणलं, फेरी झाली की घरी येऊन खा. हीच पहिली चूक. सुई टोचली की खायलाच पाहिजे, हे डॉक्टरीणबाईंनी आपल्याला दोघांना समोर बसवून सांगितलं व्हतं. तू असतीस तर तिला उठू दिलं नसतंस.

फेरी बाजारातनं फिरली, स्टेशनाला वळसा घालून आली. मग झेंडा झाला. मग सोसायटीच्या चेअरमनचं भाषण सुरू झालं ते थांबंना. मी ड्यूटीवर जाता जाता तसाच आलो, निळ्या कपड्यात, पोरगी रांगंत कशी उभी हाय ते बघायला. पुढच्या टेबलावर जिलेबीची टोपली झाकून ठिवलेली, भाषण झालं की वाटायची.

विशाखा रांगंतनं निघून माझ्याकडं आली. केस कपाळाला चिकटलेले. म्हणली, "अण्णा, साखर द्या."

रंभा, माझी नजर आधी टोपलीकडं गेली. मला वाटलं, बाकीच्या पोरी खाणार, हिला बी पाहिजे. म्हणलं, चल, नळी बघू. तिला भिंतीमागं नेलं, तपासणी केली. नळी निळी. स्वच्छ निळी, औषध ओतलं तशी. मी तिच्या डोळ्यांसमोर धरली आन् म्हणलं, बघ, किलियर हाय, साखर कशाला पाहिजे? ती काय बोलली ते मला नीट कळलं न्हाई. जीभ जड झाल्यागत बोलत व्हती. मग हसली, उगाच. मला राग आला. वाटलं, नाटकं करती. तिच्या पाठीत धपाटा घातला आन् म्हणलं, जा, रांगंत उभी ऱ्हा. गुरुजी आले, त्यांना नळी दाखवली, ते बी म्हणले निळं हाय म्हंजी बरंच हाय की. त्यांना हे शिकवलं कुणी? मीच.

ती गेली. पाय वाकडेतिकडे टाकत गेली, आन् मी बघत उभा ऱ्हायलो. रांगंशी पोचायच्या आत आडवी झाली. हनुवटी फरशीवर आपटली. हातपाय झटके द्यायला लागले, डोळे पांढरे. पोरी किंचाळल्या. चेअरमन बोलायचा थांबला. कुणीतरी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. मी धावलो खरा, पण माझ्या हातात नळी तशीच व्हती. मी तिच्याजवळ बसलो आन् नळीकडं बघत व्हतो. निळी हाय, मग ही अशी का पडली, हे माझ्या डोक्यात शिरंना.

गुरुजी ओरडले, "ती नळी फेक आधी!"

पुरचुंडी कपाटात, कपाटाला कुलूप, आन् सुट्टीचा दिवस म्हणून किल्ली खुटबावला घरी. गुरुजी टोपलीकडं पळाले. जिलेबीचा पाक बोटावर घेतला, विशाखाला कुशीवर वळवलं आन् तिच्या हिरड्यांना चोळायला लागले. परत घेतला, परत चोळला. खुटबावचा तो माणूस, गाव सगळं बघतंय, आन् आपल्या पोरीच्या तोंडात बोट घालून पाक चोळतोय. ती त्यांच्या बोटाला चावली, रक्त आलं, तरी त्यांनी हात काढला न्हाई. तसंच उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी शिरंतनं साखर दिली. मग डोळं उघडलं. पहिलं काय म्हणली सांगू? "अण्णा, रांग मोडली का?"

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणले, ज्ञानदेव, लघवी मागं साठलेली असते. नळी तुला झालेलं सांगते, चाललेलं सांगत न्हाई. आन् रक्तातली साखर ठीक असली तरी निळं, पार खाली गेली तरी निळंच. निळ्याच्या खाली नळीला दुसरा रंग न्हाई. घाम, थरथर, उगाच हसणं, उगाच हट्ट, हे पोरीच्या तोंडावर बघायचं असतं. मी मान खाली घालून ऐकलं. डॉक्टर रागावले न्हाईत, त्याचं मला जास्त लागलं.

त्या पुरचुंडीची बी चोरी नव्हती गं. जुलैत तिला खरंच थरथरलं असणार. मी तिला चोर ठरवली.

ती शुद्धीवर आली तवा माझा हात धरून म्हणली, आईला लिहू नका, शाळा सुटंल माझी. मी लिवत न्हाई म्हणलो. म्हणून ते अठरा तारखेचं पत्र. तिच्यासाठी खोटं बोललो असं मनाला सांगत व्हतो. पण तुला खरं सांगतो, मला तुझी भीती वाटत व्हती. तू म्हणशील, मी सांगितलं व्हतं. आन् सांगितलंच व्हतंस.

मग लिवतोय का? परवा पुढच्या काष्टी स्टेशनाकडनं लायन मिळंना. गाडी उभी, ड्रायव्हर शिट्ट्या मारतोय, आन् मास्तरांच्या खोलीतल्या पेटीतनं गोळा निघत न्हाई. त्या पेटीचं तसंच हाय. दौंडाच्या मास्तरनं हितं किती बी दाबलं तरी गोळा सुटत न्हाई. तिकडं काष्टीच्या मास्तरनं त्याच्या पेटीवर दाबून धरावं लागतं, तवा हितला गोळा पडतो. लायन एकेरी असती, एका बाजूच्या माणसाला पुढं काय हाय ते दिसत न्हाई. एवढी वर्षं मी ते गोळे हातानं देतोय. त्या दिवशी शिट्ट्या ऐकता ऐकता मला उमगलं. मी पोरीला एकेरी लायनीवर एकट्याच्या अकलंनं सोडली व्हती. तुला इचारलं न्हाई. तू ओरडून सांगत व्हतीस ते बाईमाणसाचं भ्याणं समजलो.

शब्द दिलाय तो मोडत न्हाई. पोरगी शाळंत पडली. तुला तिला न्यायचा हक्क हाय. तिची पिशवी भरून दाराशी ठिवलीय, औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठिवलीय, ती निघताना घ्यायची. पिशवी भरताना तिनं बघितलं. तवापास्नं माझ्याशी बोलत न्हाई. शाळंत जाती, येती, सुई टोचती, भिंतीकडं तोंड करून झोपती. तिची पुस्तकं बी मी पिशवीत घातली व्हती, ती तिनं काढून परत फळीवर लावली.

आता मागायला तोंड न्हाई, तरी मागतो. नेऊ नको. तू ये. नळी मी बघतो, तोंड तू बघ. नळी मला टाकता येत न्हाई, लाल कवा हाय ते तुझ्या बी डोळ्याला कळत न्हाई, कबूल कर. पण निळ्याच्या खालचं तूच बघू शकतीस. दुपारी शाळंत जाऊन बसायचं असलं तर बस, गुरुजी न्हाई म्हणायचे न्हाईत. त्यांनी खडीसाखर कपाटातनं काढून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठिवलीय, आन् एक पुरचुंडी तिच्या खिशात परत दिलीय.

हिकडनं मी दाबून धरलंय रंभा. तिकडनं तू दाबलंस तरच गोळा पडंल.

ज्ञानदेव


दौंड, ता. ११ सप्टेंबर १९७७

सावळारामला जय भीम.

रंभा आन् बाळ्या सुखरूप पोचले. पत्राला उशीर झाला, कारण इतके दिवस लिवण्यासारखं काय हाय ते मलाच कळत नव्हतं.

ती घरी आलीच न्हाई आधी. यष्टीतनं उतरून बाळ्याला घेऊन थेट शाळंत गेली. मला केबिनीवर कळलं. गुरुजी सांगत व्हते, शाळंच्या मागच्या भिंतीला टेकून बसली, कुणाशी बोलली न्हाई. मधल्या सुट्टीत विशाखा बाहेर आली, आईला बघितलं आन् जागीच उभी ऱ्हायली. तिला वाटलं न्यायलाच आली. रंभानं तिची हनुवटी धरली, उजेडाकडं वळवून बघितली, जखमेवरनं बोट फिरवलं. मग फडक्यातली भाकरी काढून दिली. गुरुजींनी नळी उकळली, नारिंगी आली. रंभानं बघितली आन् विचारलं, हे किती वाईट? गुरुजींनी सांगितलं. तिनं मान हलवली. घंटा झाली तशी म्हणली, "जा वर्गात." विशाखा पळाली ती मागं न बघता पळाली.

घरी माझ्याशी अवाक्षर न्हाई. चूल पेटवली, भांडी घासली, माझं ताट वाढलं आन् सरकवलं. ती भरलेली पिशवी दाराशी तशीच. मी हात लावला न्हाई, तिनं बी न्हाई. माझा जीव त्या पिशवीत अडकलेला. येता-जाता बघायचो, हलली का. असे चार-पाच दिवस गेले. दुपारी ती शाळंमागं बसायची, संध्याकाळी पोरीला घेऊन यायची. एकदा भर वर्गातनं विशाखाला हात धरून बाहेर काढली, तोंडात खडीसाखर कोंबली, थोड्या वेळानं परत आत धाडली. नळी त्या वक्ताला निळी व्हती म्हणतात गुरुजी. माझ्याशी मात्र त्यावर बी बोलली न्हाई. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

काल सकाळी ड्यूटीला निघालो. दाराशी पाय अडखळायची सवय लागली व्हती पिशवीमुळं, पण पाय मोकळा गेला. बघतो तर पिशवी रिकामी, खुंटीला टांगलेली. विशाखाचे परकर-पोलके दोरीवर. मी तसाच उभा. रंभा पोरीची वेणी घालत व्हती, वर न बघता म्हणली, "जावा तुम्ही. हिकडनं मी दाबलंय."

मार्चापास्नं ती माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. केबिनीपर्यंत कसा गेलो ठावं न्हाई.

तिची पत्र्याची पेटी न् बाळ्याची चादर तुझ्याकडंच राहिलीय. येत्या आयतवारी चौफुल्यापर्यंत आणून दे, तिथनं मी घेऊन जातो.

ज्ञानदेव